फलकावरचा काळा ओघळ

१

मैनाताई भोयेंच्या तोंडाला कुणीतरी काळं फासलं, ही बातमी शनिवारी सकाळी टेकडीखालच्या फुलबाजारातून निघाली आणि लोकांचा पहिला चहा व्हायच्या आत पंचवटीत पोहोचली. तोंड खुद्द मैनाताईंचं नव्हे, त्यांच्या फलकावरचं होतं. पण एवढा बारकावा वाटेतच कुठेतरी गळून पडला, आणि निवृत्त फौजदार सावळीराम गायधनी शर्टाची बटणं लावत घराबाहेर पडले ते बाईंना दवाखान्यात नेलं की काय, याच काळजीत.

बाजाराच्या कमानीखाली ही गर्दी. अठ्ठ्याण्णव सालचा दसरा चार दिवसांवर आला होता, झेंडूचे ढीग लागले होते, पण गिऱ्हाईक फुलांकडे पाठ करून वर बघत होतं. वर लाकडी चौकटीत ताणलेल्या कापडावर मैनाताई हात जोडून हसत होत्या. चौकटीच्या वरच्या पट्टीपासून एक काळा ओघळ निघून त्यांच्या कपाळावरून, नाकाच्या बाजूने गालावर उतरला होता, आणि गालावर मात्र तो आडवा फासटला गेला होता. फलकाच्या बरोबर खाली एक हातगाडी उभी होती.

मैनाताई पेठकडच्या आदिवासी घरातल्या. नाशकात परिचारिका म्हणून आल्या, निवडून आल्या आणि आता प्रभागाच्या सभापती झाल्या. आदल्या संध्याकाळी याच कमानीखाली त्यांचा सत्कार झाला होता. हारतुरे संपल्यावर फुलवाल्यांचा पुढारी मोतीराम पिंगळे उठला आणि माईक न घेता बोलला. "ताई, निवडणुकीत तुम्ही आम्हाला ओटे आणि वर पत्रा देते म्हणाला होता. दोन पावसाळे गेले. आमची फुलं चिखलातच हायेत. सत्कार करतो, पण शब्द मोडला हे बी सांगतो."

आणि आता खाली उभी असलेली हातगाडी मोतीरामची होती.

"आदिवासी बाई खुर्चीवर बसलेली यांना बघवत नाही," मैनाताईंचा भाचा आणि उजवा हात गोटीराम कट्ट्यावर चढून सांगत होता. उजवा हात त्याने रुमालात गुंडाळला होता, डावा हवेत होता. "काल बोलून मन भरलं नाही, म्हणून रात्री काळं फासलं. हा जातिवाद आहे. उद्या संध्याकाळपर्यंत मोतीरामने या कमानीखाली माफी मागायची, नाहीतर पोलिसांत तक्रार जाईल."

गर्दीतून कुणीतरी एक गंजका डबा पुढे आणला. मोतीरामच्या मांडवातून निघाला होता. आत अर्धा डबा डांबर होतं.

२

मोतीराम पलीकडे झेंडूच्या ढिगाआड बसला होता. सावळीराम त्याचा शाळेपासूनचा दोस्त. मास्तर दोघांना एका बाकावर बसवत, कारण वेगळं बसवलं की दोघं एकमेकांना शोधायला उठत.

"डांबर कशाला ठेवलंस रे?"

"मांडवाच्या खांबांना वाळवी लागती. दरसाल लावतो. सगळ्या बाजाराला ठाऊक हाय."

"आणि गाडी?"

"गाडी रात्री इथंच असती. कोण घेऊन गेलं, मला काय माहीत." मोतीरामने एक फूल उचललं, पाकळ्या खुडल्या आणि टाकून दिल्या. "सावळ्या, माफी मागितली तर मी केलं असं व्हतं. नाय मागितली तर जेलात जाईन, ते एक बघून घेईन. पण ती बघ."

त्याने हनुवटीने शेजारची जागा दाखवली. जागा रिकामी होती. तिथे वीस वर्षं पेठकडच्या बायका बसत आल्या होत्या. दसऱ्याला आपट्याची पानं, एरवी करवंदं, डिंक, रानातलं काय काय. मोतीरामच्या मांडवाची सावली त्यांना फुकट आणि त्यांची भाकरी मोतीरामला फुकट, असा जुना व्यवहार. सकाळी एसटीने आलेल्या दोघी-तिघी रस्त्यापलीकडे उन्हात पाटी मांडून बसल्या होत्या आणि इकडे बघत नव्हत्या.

"उद्या यांच्यातली आक्काबाई यील," मोतीराम म्हणाला. "तिला काय तोंड दाखवू? म्हणंल, वीस वर्षं मनात हे व्हतं व्हय तुझ्या."

सावळीराम स्वतःही काळेच, नावासारखे. खात्यात त्यांना कोण काय म्हणत असे ते त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. त्यामुळे मैनाताईंना काय वाटलं असेल हे त्यांना कळत होतं, आणि मोतीराम असं करणार नाही हेही कळत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच पोटात घेऊन फिरणं त्यांना फार जड गेलं.

दुपारी मैनाताईंचाच निरोप आला.

३

मैनाताईंच्या ओसरीवर पंखा गरगरत होता, पण वारा कुणालाच लागत नव्हता.

"गायधनी काका, तक्रार लिहून तयार आहे. गोटीराम सही मागतोय," त्या म्हणाल्या. "मला काळी म्हणणारे लोक मी लहानपणापासून ओळखते. वसतिगृहात एक बाई मला फोटोत मागच्या रांगेत उभी करायच्या. पेशंट म्हणायचे, दुसरी सिस्टर पाठवा. अशा माणसांचा वास मला लांबून येतो. मोतीरामदादांचा कधी आला नाही. म्हणून तर जास्त लागलं."

"ते काल ओट्यांचं बोलले, ते लागलं का?"

"ते खरं होतं, म्हणून लागलं. हे वेगळं आहे. तुम्ही उद्या संध्याकाळपर्यंत मला खरं काय ते सांगा. खरं कळल्याशिवाय मी सही करणार नाही."

बाहेर गोटीराम भेटला. तिशीचा, सफारी घातलेला, जन्म नाशकातला आणि पेठला गेला तर फक्त लग्नकार्याला. डावी पापणी सुजून डोळा अर्धा मिटला होता.

"हाताला काय झालं?"

"चहा सांडला."

"आणि डोळ्यात?"

"जागरण, साहेब. रात्री बारापर्यंत आवराआवर करत होतो. सकाळी उजाडता उजाडता परत आलो, पेपरवाले फोटोला येणार होते म्हणून. बघतो तर काळं फासलेलं." तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही त्यांचे मित्र, मला माहीत आहे. पण आमच्या माणसावर बोट उचललं की त्याला उत्तर हेच."

"बोट त्याने ओट्यांवर उचललं होतं," सावळीराम म्हणाले. गोटीरामने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सावळीराम परत कमानीखाली आले. घरून बाटलीत रॉकेल आणलं होतं. मोतीरामच्याच गाडीवर उभं राहून त्यांनी रॉकेलात कापूस बुडवला आणि ओघळाच्या टोकाला घासला. डांबर असतं तर सुटून पसरलं असतं. कापूस पांढराच राहिला. त्यांनी नाक जवळ नेलं, डांबराचा वासही नव्हता. मग त्यांनी वर पाहिलं. डाग कापडावर सुरूच झाला नव्हता. तो वरच्या लाकडी पट्टीवर होता, आणि पट्टीच्या जरा वर, वीतभर अंतरावर, काल सत्कारासाठी लावलेला मोठा फोकसचा दिवा अजून बांधलेला होता.

उतरताना त्यांच्या चपलेखाली काहीतरी आलं. गटाराच्या कडेला तारेचा एक तुकडा पडला होता, आणि त्यात हिरव्या मिरचीचं देठ अडकलं होतं.

४

फलक रंगवणारा केरू पेंटर कमानीमागच्या खोलीत राहत असे. सावळीराम गेले तेव्हा तो पायावर पाय टाकून बिडी ओढत होता. त्याच्याकडे काळ्या रंगाचे चार डबे होते, आणि रागही होता.

"तीनदा तोंड पुसायला लावलं त्या गोटीरामने," केरू म्हणाला. "मी बाईंचा रंग हुबेहूब काढला होता, साहेब. चांगला तजेलदार सावळा. तर म्हणतो, उजळ घे. घेतला. म्हणतो, अजून उजळ, फोटोत उठून दिसल्या पाहिजेत. शेवटी मी म्हटलं, ह्या मैनाताई राहिल्या का कुणी दुसऱ्याच झाल्या?"

सावळीरामना सकाळपासून त्या चित्रात काहीतरी खटकत होतं ते आता उमगलं. फलकावरची बाई गुलाबी होती.

"मग रागात तूच काळं फासलंस का?"

"मी फासलं असतं तर ओघळ आला नसता. इतकी कच्ची कामं मी करत नाही." केरू खराच दुखावला गेला. "आणि माझा काळा रंग वाळायला दिवस लागतो. हा तर बघता बघता आत मुरला. सकाळी मी शिडी न्यायला आलो तेव्हा तो डाग काळा नव्हताच."

"काय म्हणालास?"

"तपकिरी होता. मधासारखा, तेलकट. मला वाटलं, दिव्याचं तेलबिल गळालं. गाडीवर चहा प्यायला गेलो, गोटीरामभाऊ तिथंच हात धूत होते. परत येतो तर ऊन पडलेलं, डाग काळाकुट्ट, आणि भाऊ ओरडतायत. मी सांगायला गेलो तर मलाच म्हणाले, तू मध्ये पडू नको."

"दिवा कधी बंद केला रात्री?"

"कुणी बंदच केला नाही. मी शिडी नेली तेव्हा जळतच होता. हात लावला तर पोळला."

सावळीराम घरी आले. उचलून आणलेला तारेचा तुकडा ताटाशेजारी ठेवून ते बघत बसले, आणि जेवण अर्धंच राहिलं.

५

रविवारी बाजार भरला तो दोन तुकड्यांत. रस्त्याच्या अलीकडे माळ्यांची फुलं, पलीकडे पेठकडच्या बायका, आणि मधून गिऱ्हाईक खाली मान घालून जात होतं. कार्यकर्त्यांच्या दोन जीपगाड्या कमानीपाशी उभ्या राहिल्या.

आक्काबाई सकाळच्या गाडीने उतरली. साठीची, काटक, कोपरापर्यंत गोंदलेली. तिला बातमी एसटीतच कळली होती. ती मोतीरामच्या मांडवापाशी आली, त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि पाटी डोक्यावरून न उतरवता रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मोतीराम अर्धा उठला होता, तो तसाच परत बसला.

सावळीराम तिच्या मागे गेले. तिने आपट्याच्या जुड्या मांडल्या, बाजूला लिंबं, हिरव्या मिरच्या आणि काळ्या बियांचा एक लहानसा ढीग. दुकानदार, रिक्षावाले यांच्यासाठी ती या सगळ्याच्या माळा करून देत असे. नजर लागू नये म्हणून दारावर टांगतात त्या. ती तारेने एक बी टोचत होती, पण बी बोटांत न धरता पळसाच्या पानात धरून.

सावळीरामनी हात पुढे केला.

"हात नको लावू, बाबा," आक्काबाई म्हणाली. "बिब्बा हाय. तेल लागलं का उततं अंगावर. फोड येतील."

सावळीरामनी हात मागे घेतला. मग त्यांनी एक बिब्बा पानात गुंडाळून विकत घेतला. खिशातला पांढरा रुमाल मोतीरामच्या हातगाडीवर पसरून त्यांनी दगडाने तो बिब्बा त्यावर ठेचला. रुमालावर मधासारखा तपकिरी डाग पडला.

"हे काय चाललंय तुझं?" मोतीराम म्हणाला.

"वाळत घातलंय," सावळीराम म्हणाले, आणि कालपासून पहिल्यांदा त्यांनी पोटभर भजी खाल्ली.

६

संध्याकाळी मैनाताई आल्या. गोटीरामच्या हातात तक्रारीचा कागद होता. रुमाल अजून हाताला होता, आणि डोळा आता पुरता मिटला होता. मोतीराम कमानीखाली येऊन उभा राहिला, धुतलेली टोपी घालून.

"माफी मागणार का?" गोटीरामने विचारलं.

"केलं नाय त्याची नाय मागणार," मोतीराम म्हणाला. "ओट्यांचं बोललो त्याची तर अजिबात नाय."

गलका झाला. सावळीराम मध्ये उभे राहिले. फौजदारकीचा आवाज त्यांनी बऱ्याच दिवसांनी बाहेर काढला.

"दोन मिनिटं ऐका. काळं फासणारा माणूस तोंडाला फासतो. इथं डाग लाकडापासून सुरू झालाय. म्हणजे वरून काहीतरी गळलं. ते डांबर नाही, रॉकेलने सुटत नाही. ते काल सकाळी तपकिरी होतं आणि ऊन लागल्यावर काळं झालं, हे केरूने डोळ्यांनी बघितलंय." त्यांनी हातगाडीवरचा रुमाल काढून उंच धरला. त्यावरचा सकाळचा डाग कोळशासारखा काळा झाला होता. "हा बिब्बा आहे. आणि ही मिरचीच्या देठाची तार मला फलकाखाली मिळाली. फलकाला कुणीतरी लिंबू, मिरची आणि बिब्बा बांधला होता. रात्रभर दिवा जळत राहिला, बिब्बा तापला आणि त्याचं तेल गळलं. काळं कुणीही फासलेलं नाही."

"मग ती माळ कुठे गेली?" मैनाताईंनी विचारलं.

"गोटीराम, हात सोड."

गोटीरामने इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच रुमाल सोडला. तळहात आणि चार बोटं फोडांनी भरली होती. गर्दीतल्या पेठकडच्या बायकांना बघताक्षणी कळलं. एक म्हणाली, "उतलाय रं तो."

"चहाने असं होत नाही," सावळीराम म्हणाले. "माळ तू काढलीस. तेल हाताने पुसायला गेलास, म्हणून गालावर आडवं फासटलं. मग तोच हात डोळ्याला लावलास."

"पेपरवाले येणार होते, मावशी," गोटीराम मैनाताईंकडे बघत म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "लिंबू-मिरची फोटोत दिसली असती तर गावंढळ म्हणून हसले असते. म्हणून गटारात टाकली. ते काळं होईल हे मला काय माहीत. परत आलो तर सगळं तोंड... मला खरंच वाटलं, यांनीच केलं. हात उतला तेव्हा शंका आली होती. पण तोवर घोषणा होऊन गेल्या होत्या."

"आणि ताईंना काही विचारायची सोय राहिली नव्हती," सावळीराम म्हणाले. "ओट्यांचं कालपासून कुणी नाव काढलं का?"

तेवढ्यात मागून आक्काबाई गर्दी सारत पुढे आली. तिला सगळं ऐकू आलं नव्हतं, पण बिब्बा तेवढा ऐकू आला होता.

"माळ मी बांधली," ती म्हणाली. "का, काय झालं? शुक्रवारी जाताना बांधली. आमची पोर एवढी मोठी झाली, सगळं गाव टकामका बघत व्हतं. म्हटलं, नजर लागंल. हात पुरंना म्हणून ह्याची गाडी ओढली आन् चढले वर. शेवटची एसटी जायची व्हती, गाडी तिथंच ऱ्हायली." मग तिची नजर फलकावर गेली, मोतीरामवर गेली, आणि तिने पदर तोंडाला लावला. "आन् मी याच्यावरच रुसले व्हय रं दिवसभर."

मोतीराम टोपी काढून डोळे पुसायला लागला. घाम आला म्हणाला. त्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही, आणि सगळ्या बाजाराने एकदम श्वास सोडला.

मैनाताईंनी गोटीरामच्या हातातून कागद घेतला, चार तुकडे केले आणि पर्समध्ये ठेवले. "याला कुणीतरी खोबरं वाटून लावा," त्या म्हणाल्या. "पेठचा मुलगा आणि बिब्बा ओळखत नाही." मग त्यांनी फलकाकडे नीट पाहिलं, कदाचित पहिल्यांदाच. "केरूदादा, ही गोरी बाई कोण?"

केरू गोटीरामकडे बघून खोकला.

"काळी म्हणून मला मागच्या रांगेत ठेवणाऱ्यांना मी चाळीस वर्षं ओळखत आले, गोटीराम. तू मला पुढच्या रांगेत आणलंस, पण रंग पुसून. दुखायचं तर मला हे दुखायला हवं होतं, आणि मी मोतीरामदादांवर रागावून बसले." त्या मोतीरामसमोर गेल्या. "दादा, मला जन्मभर लोक खरंच घालूनपाडून बोललेत. म्हणून कुणी जातीवरून बोललं असं म्हटलं की माझा लगेच विश्वास बसतो. पण तुम्ही मला जातीचं बोलला नव्हता. ओट्यांचं बोलला होता. त्या कामाची फाईल माझ्याच टेबलावर पडून आहे. मी सत्कारांत होते. चुकलं माझं."

"चुकलं ते झालं," मोतीराम म्हणाला. त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "तारीख सांगा."

गोटीराम सवयीने उत्तर द्यायला पुढे सरकला, आणि मावशीकडे बघून थांबला. मैनाताई आधी हसल्या, मग सगळा बाजार हसला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा.

"संक्रांतीच्या आत ओट्यांवर पत्रा बसेल. नाही बसला तर याच कमानीखाली या, आणि माईक घेऊन बोला."

जीपगाड्या गेल्या. केरूने फलक उतरवून खोलीत नेला आणि तोंड चौथ्यांदा पुसायला घेतलं, या वेळी आनंदाने. आक्काबाईने पाटी उचलली, रस्ता ओलांडला आणि मोतीरामच्या सावलीत आपल्या जुन्या जागी बसली. फडक्यातून भाकरी काढून त्याच्यापुढे सरकवली. त्याने न बोलता मोडून घेतली.

मग तिने पळसाच्या पानात धरून एक बिब्बा टोचला, खाली मिरच्या ओवल्या, लिंबू ओवलं, आणि माळ मोतीरामच्या मांडवाच्या खांबाला बांधायला उठली.

"मला कशाला?" मोतीराम म्हणाला. "माझ्याकडं हाय काय नजर लागाया?"

"जीभ हाय ना," आक्काबाई म्हणाली. "तिला कुणाची नजर नको लागाया." तिने वर बघून दिवा कुठे आहे ते तपासलं आणि गाठ जरा लांब मारली.